ताट रिकामे परतू नये

पूर्वी कुणाचा मुलगा परदेशी निघाला, की तो शिकायला निघाला असे न विचारताच समजावे. अलीकडे मात्र ओळखीच्या घरांतून निराळेच ऐकू येते. अमक्यांची नात बारावीनंतरच्या सुट्टीत आफ्रिकेतल्या एका शाळेत शिकवायला गेली आहे. काय शिकवते? इंग्रजी आणि खेळ. पगार नाही, उलट जाण्याराहण्याचा खर्च पदरचा. घरची मंडळी कौतुकाने फोटो दाखवतात आणि आपणही कौतुकाने पाहतो. अशाच एका घरी, फोटो पाहून झाल्यावर, कोपऱ्यात बसलेल्या आजीबाईंनी विचारले, "तिकडे मास्तर नाहीत का रे?" सगळे हसले. मला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही.

एके काळी या प्रश्नाचे उत्तर सरळ होते. मास्तर खरोखरच नव्हते. घाना हा देश ६ मार्च १९५७ रोजी स्वतंत्र झाला. शाळा भराभर निघत होत्या, मुले दाटीवाटीने येत होती आणि माध्यमिक शाळांना शिकवणारी माणसे पुरत नव्हती. इंग्रजी ही परीक्षेची आणि सरकारी कचेरीची भाषा. ती आली नाही तर पोराचे शिक्षण तिथेच थांबे. ब्रिटनमध्ये अलेक डिक्सन यांनी १९५८ साली अठरा वर्षांच्या मुलांना परदेशी सेवेसाठी पाठवायला सुरुवात केली होती. अमेरिकेत केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी 'पीस कोअर' म्हणजे शांतिदल स्थापन केले आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला या दलाची पहिली तुकडी घानाच्या राजधानीत, अक्रा येथे, विमानातून उतरली. पन्नासएक तरुणतरुणी, दोन वर्षे शिकवण्यासाठी आलेली. उतरल्या उतरल्या त्यांनी काय करावे? विमानतळावरच रांगेत उभे राहून तिथल्या लोकांचे देशगीत तिथल्या त्वी भाषेत म्हटले. उच्चार कसे होते देव जाणे! पण शिकवायला आलेल्यांनी आधी आपण काहीतरी शिकून यावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात शेजारच्या नायजेरियात दुसरी गोष्ट घडली. इबादान येथे प्रशिक्षण घेत असलेल्या एका अमेरिकन तरुणीने मायदेशी मित्राला एक कार्ड लिहिले. लोक रस्त्यावरच राहतात, रस्त्यावरच रांधतात, अशा आशयाचे. ते कार्ड टपालात पडण्याऐवजी वाटेत पडले आणि विद्यार्थ्यांच्या हाती लागले. त्यांनी त्याच्या प्रती काढून वाटल्या आणि मोठे वादळ उठले. तिने क्षमा मागितली, ती मायदेशी परत गेली. देश स्वतंत्र होऊन जेमतेम एक वर्ष झालेले. त्या विद्यार्थ्यांना कशाचा राग आला असेल? कार्डात सगळेच खोटे होते असे नाही. पण जो आपल्याला शिकवायला आला आहे, तो आपली पाठ वळताच आपल्याकडे कीव करून पाहतो, हे कळणे उपाशी राहण्यापेक्षाही जड असते.

हे आपल्याला परके नाही. या शांतिदलाची माणसे १९६१ ते १९७६ या काळात आपल्या देशातही येत होती. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर वयाच्या ६८ व्या वर्षी या दलात दाखल झाल्या आणि मुंबईच्या विक्रोळीत येऊन त्यांनी सेवा केली. म्हणजे घेणारा हातही आपण ओळखतो. दुधाच्या पावडरीचे डबे आणि परदेशी गहू ज्या पिढीने रांगेत उभे राहून घेतला, तिला विचारावे, घेताना मान किती खाली जाते ते. आता आपली मुले द्यायला निघाली आहेत, तर हे स्मरण त्यांच्या शिदोरीत असावे.

१९६८ साली इव्हान इलिच या विचारवंताने मेक्सिकोत अमेरिकन विद्यार्थी-स्वयंसेवकांना तोंडावर सुनावले की, तुम्ही या, डोंगर पाहा, फुले पाहा, अभ्यास करा. पण मदत करायला म्हणून येऊ नका. बोल कठोर आहेत. ते पुरते खोटे म्हणवत नाहीत, आणि पुरते खरे मानले तर कोणी कुणाच्या दारी जाऊच नये असे होईल. मग घरात बसून राहणाराच काय तो निर्मळ! मला हे पटत नाही. दोष जाण्यात नसावा. आपण देणारे आणि ते घेणारे, ही वाटणी निघण्यापूर्वीच पक्की करून टाकण्यात असावा.

इंग्रजी आणि खेळ या दोन विषयांकडेच पाहा. लंडनच्या मुलाला इंग्रजी आईच्या मांडीवर फुकट मिळाली. त्यात त्याचे कर्तृत्व कोणते? ज्या साम्राज्याने ती जगभर नेली, त्याच्या जोरावर तो अठराव्या वर्षी गुरुजी होतो. आपल्या मुलांचे तसे नाही. त्यांच्या घरात ही भाषा कुणाच्या तरी जिभेवर अडखळत अडखळत आलेली असते. चुकीचे इंग्रजी बोलल्यावर वर्गात उठलेला हशा ज्याने ऐकला आहे, तो दुसऱ्या देशातल्या मुलाच्या चुकीला हसणार नाही. ही त्याची खरी पात्रता, परीक्षेतल्या गुणांपेक्षा मोठी.

खेळाची तर गंमतच आहे. घानाने आफ्रिकेतला फुटबॉलचा चषक १९६३ मध्ये जिंकला, १९६५ मध्ये पुन्हा जिंकला. तिथल्या पोरांना फुटबॉल शिकवायला जाणे म्हणजे कोळ्याच्या पोराला पोहायला शिकवण्यासारखे! पण म्हणूनच मला वाटते, की मैदान ही त्या शाळेतली सर्वांत चांगली जागा असावी. वर्गात खडू एकाच्या हातात असतो. मैदानात चेंडू कुणाच्याही पायाशी जातो. नियम दोघांना सारखे, धूळही सारखीच. तिथे शिकवणारा हरू शकतो, आणि हरून हसला तर त्या दिवसापासून पोरे वर्गातही त्याचे ऐकू लागतात.

आपल्याकडे दिवाळीत फराळाची ताटे शेजारीपाजारी जातात. ताट रिकामे परत करू नये, एवढा एक साधा नियम बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. चकल्यांच्या बदल्यात चार करंज्या, काहीच नसेल तर साखरेची चिमूट. त्या चिमटीने हिशेब फिटत नाही. पण घेणाऱ्याची मान वर राहते. मात्र यात देणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे, ते आपल्या लक्षात येत नाही. परत आलेले त्याने आनंदाने घ्यायचे असते. "कशाला हो एवढे?" म्हणत जो परत आलेले नाकारतो, त्याने आधी दिलेलेही बाटवलेले असते.

परदेशच्या शाळेतून असे परत येणारे ताट कसे असते? एकच उदाहरण देतो. इंग्रजीचा पहिला धडा बहुधा नावाचा असतो: तुझे नाव काय? घानातल्या अकान लोकांत मुलाला जन्मवाराचे नाव मिळते. शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे; घानाचे पहिले राष्ट्रपती क्वामे एन्क्रुमा हे शनिवारचे. आपल्याकडेही सोमा, मंगळू, बुध्या अशी नावे होतीच की! दोन आठवड्यांसाठी येणारा स्वयंसेवक हा धडा शिकवतो आणि जातो. पुढच्या महिन्यात दुसरा येतो आणि त्याच मुलांना पुन्हा तेच विचारतो. ती मुले किती वेळा आपले नाव सांगत असतील! ज्याला राहायचे आहे, तो तिथल्या मास्तरांच्या हाताखाली राहतो, त्यांचा वर्ग बळकावीत नाही, आणि नाव विचारून झाल्यावर पुढे विचारतो, की याचा अर्थ काय? त्या क्षणी विद्यार्थी गुरू होतो.

म्हणून अशी मुले परत आली, की त्यांनी किती धडे शिकवले याची चौकशी मी करीत नाही. वर्गातल्या पाच मुलांची नावे सांग, एवढेच म्हणतो. काहीजण मोबाइलमधले फोटो चाळू लागतात. काहीजण मात्र थांबत नाहीत. नावे सांगतात, कोण कोणत्या वारी जन्मला ते सांगतात, आणि कोणी आपल्याला मैदानात कसे चकवले तेही. त्यांचे ताट भरून परतले आहे, हे मग वेगळे विचारावे लागत नाही.