एजंटाची रोजकीर्द

पेशव्यांच्या पुण्यातल्या हुजूर दफ्तरात ‘फड’ नावाचं खातं खुद्द फडणिसांच्या देखरेखीखाली चाले. निघालेले हुकूम, दिलेल्या सनदा, जमा आणि खर्च तिथे रोजच्या रोज कीर्दीत चढत. त्यावरून पुढे एकबेरीज दफ्तरात तर्जुमे आणि खतावण्या तयार होत. कारकुनाने त्या दिवशी आपल्या मनात काय आलं ते लिहावं, अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. नोंदी रुक्ष, एकसुरी, हिशेबी. तरीही न्यायमूर्ती रानड्यांनी 1900 साली पेशव्यांच्या रोजनिश्यांवर निबंध वाचला, तेव्हा गणेश चिमणाजी वाडांनी निवडलेल्या त्याच नोंदींतून त्यांना वेठबिगार, दारूबंदी, चलन, न्यायनिवाडा, लग्नाच्या रूढी असं बरंच काही सापडलं. समाजाचा इतिहास लिहायला कुणी बसलंच नव्हतं. काय टिपायचं हे ठरलेलं होतं आणि ते रोज टिपलं गेलं, एवढंच.

आज याच पुण्यात, हिंजवडीत किंवा खराडीत, एआय एजंटांना रोजनिशी लिहायला लावणारी साधनं जोडली जातात. कारण साधं आहे. एजंट तासभर राबतो, फायली उघडतो, कोड चालवतो, एखादा मार्ग सोडून दुसरा धरतो. पण सत्र संपलं की मागचं सगळं पुसलं जातं. उद्याचा एजंट त्याच खड्ड्यात पुन्हा पडू नये म्हणून ही वही.

अशा साधनांच्या जोडणीसाठी अँथ्रॉपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ जाहीर केला. त्यात मॉडेलसमोर साधनाचं नाव, त्याचं वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या रूपात भरायची याचा आराखडा येतो. आतला कोड त्याला दिसत नाही. कारकून निदान शेजारच्याला विचारू शकत होता, फडावरच्या जुन्या कीर्दी चाळू शकत होता. एजंटाला वहीबद्दल जे काही कळतं ते बहुतेक त्या चार ओळींतूनच.

आणि त्या चार ओळी सहसा कशा असतात? ‘जर्नलमध्ये नोंद करते.’ झालं! नोंद कशाची, केव्हा, कोणासाठी, याचा पत्ता नाही. त्याच तारखेची दुसरी नोंद आली तर पहिली राहते की पुसली जाते? लिहिलेलं शोधायचं कसं? अशा वर्णनावर एजंट एकतर वही उघडतच नाही, किंवा प्रत्येक पायरीला उघडून ‘काम यशस्वीपणे पूर्ण झाले’ असं गुळगुळीत काहीतरी लिहून ठेवतो. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण वही भरलेली दिसते.

मग वर्णन लांबवत न्यायचं का? तेही नाही. वर्णन मॉडेलच्या मर्यादित संदर्भात दरवेळी जागा अडवतं. फाफटपसारा वाढला की महत्त्वाची सूचना त्यात बुडते. माझ्या मते वर्णनाने मुख्यतः हद्द आखावी. एखादा मार्ग सोडला तर कारणासह लिही. चालू कामाची यादी इथे नको, तिच्यासाठी वेगळं साधन आहे. नवी नोंद जुनीच्या खाली जोडली जाते, जुनी बदलता येत नाही. पासवर्ड लिहू नकोस. एवढं सांगितलं तरी वही कीर्दीच्या वळणाला लागेल.

‘तुझे विचार आणि भावना मोकळेपणाने मांड’ असं सांगणारी वर्णनंही असतात. त्यांच्यामागचा हेतू मला कळतो, फलिताबद्दल शंका आहे. मोकळ्या पानावर मॉडेल वाचनीय मजकूर लिहील यात संशय नाही. पण उद्याच्या एजंटाला हवं असतं ते ‘या लायब्ररीची नवी आवृत्ती चालली नाही, म्हणून जुनीवर परतलो’ असलं रुक्ष वाक्य.

त्याहून अवघड प्रश्न वाचकाचा. काही वर्णनं एजंटाला बजावतात की ही वही खाजगी आहे, दुसरं कोणी वाचणार नाही. प्रत्यक्षात ती साध्या फायलींत साठते आणि टीममधला कोणीही ती उघडू शकतो. मॉडेलला याचं काही वाटतं का, हा वाद बाजूला ठेवू. पण वर्णन हा त्याच्यासाठी साधनाविषयीचा जवळजवळ एकमेव दाखला, आणि त्यातच खोटी ओळ असेल, तर त्या विश्वासावर लिहिलेल्या नोंदीत ग्राहकाचं नाव किंवा कोणाचा पगार उतरला की दोष कोणाला द्यायचा? फडावरच्या कारकुनाला आपली कीर्द तपासली जाणार हे ठाऊक होतं.

कंपन्यांत कोडची ओळन् ओळ दुसऱ्याकडून तपासून घेतात; वर्णन मात्र जो तो शेवटच्या घाईत खरडतो. तेही तपासून घ्यावं: एकच काम एजंटाकडून चार वेळा करून घ्यावं, दरवेळी वर्णनातली एकच ओळ बदलावी, आणि चारही वह्या ज्याने ते काम पाहिलेलं नाही अशा माणसाच्या हाती द्याव्यात. कोणत्या वहीवरून त्याला काम पुढे नेता आलं, एवढंच विचारावं.