हात हलतो, कर्ता कोण?

खेडच्या खाचरात भातलावणी करणारा हात चिखलाचा विरोध ओळखून क्षणोक्षणी जोर कमी-जास्त करतो आणि त्या हिशेबाचा लावणाऱ्याला पत्ताही नसतो. मग ते काम त्याचं, की त्याच्या मेंदूचं? प्रयोगशाळेतल्या यंत्रांनी या जुन्या प्रश्नाला नवी धार आणली आहे. 1994 मध्ये रेझा शादमेहर आणि फर्डिनांडो मुसा-इव्हाल्डी यांनी मोटर बसवलेला यांत्रिक हात वापरला. त्याची मूठ धरून ठरलेल्या लक्ष्याकडे हात न्यायचा. हाताच्या वेगानुसार यंत्र त्याला ढकलणार. सुरुवातीला हाताची वाट वाकडी झाली, सरावाने सरळ झाली. पण तो जोर काढून घेताच हात उलट बाजूला वाकला. म्हणजे मेंदू नुसता हात ताठ धरत नव्हता. येणाऱ्या धक्क्याचा अंदाज बांधून त्याचं उत्तर आधीच धाडत होता.

हे सारं आपल्या नकळत घडतं, म्हणून कर्ता हा निव्वळ भ्रम, असं म्हणणं मला पटत नाही. यंत्र जागा, वेग, जोर मोजतं. पण चूक मोजायला लक्ष्य लागतं, आणि तिथे पोचायचं हे माणसाने मनाशी धरावं लागतं. त्या संकल्पावाचून वाकडी रेघ ही नुसती रेघच. यावर खरा आक्षेप 2006 च्या प्रयोगातून येतो. पिएत्रो मात्सोनी आणि जॉन क्रॅकॉअर यांनी पडद्यावर दिसणारी हाताची दिशा 45 अंशांनी फिरवली आणि तो फरक भरून काढायची युक्तीही सांगून टाकली. युक्ती लगेच साधली. पण पुढे मेंदूने आपणहून केलेल्या दुरुस्तीमुळे नेम पुन्हा ढळत गेला. संकल्पाला न जुमानणारी यंत्रणा आपल्यातच आहे, हे मान्यच करायला हवं. मात्र गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. एकट्या स्वतःला कर्ता समजणाऱ्याला तिथे अज्ञानी म्हटलं आहे; पण कर्त्याला यादीतून वगळलेलं नाही. संकल्पही मेंदूतच उमटतो, असं कुणी म्हणेल. उमटू दे, कुठे उमटतो यावरून तो खोटा ठरत नाही. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी 1915 च्या गीतारहस्यात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांचा विचार एकाच प्रकरणात केला, तो याचसाठी मोलाचा वाटतो: बंधन आणि प्रयत्न एकत्र नांदू शकतात. स्नायूच्या प्रत्येक हालचालीचा जाब माणसाला विचारता येणार नाही. हातापुढे कोणतं लक्ष्य ठेवलं आणि त्याला कशाचा सराव दिला, याचा जाब मात्र त्यालाच द्यावा लागेल.