मनीची पेटी



आमच्या इंदूरच्या फ्लॅटमध्ये मनी मांजर आहे. तिची शी-शूची मातीची पेटी बाल्कनीच्या दाराशी असते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका येणार, म्हणून मी ती उचलून कपाटात ठेवली आणि दार लावून घेतलं. झालं! बायका बसलेल्या असतानाच मनीने कोपऱ्यातल्या सतरंजीवर केलं. वास सुटला. मी तिला धपाटा घातला आणि म्हटलं, "अहो, मोरी तुंबलीय आमची."

रात्री झोप येईना. मांजर आपली घाण आपणच माती उकरून झाकते, तिला कोणी शिकवत नाही. तिची झाकायची जागाच मी लपवली होती. मग मार कोणाच्या चुकीचा?

लपवणं वाईटच, असं नाही हं. पाहुण्याच्या ताटाशेजारी पेटी कोण ठेवेल? मांजरीलाही ती आपल्या खाण्याजवळ नको असते, जरा निवांत आडोसाच बरा वाटतो. पण तिला केव्हाही जाता-येता आलं पाहिजे. आणि झाकली म्हणून रोजची सफाई काही चुकत नाही, बंद जागेत वास उलट कोंडतो. (घरात कोणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं, त्यातून टोक्सोप्लाझ्माची लागण होऊ शकते.)

आता पेटी पडद्यामागे असते, पडदा खालून वीतभर वर. कोणी विचारलं तर सांगते, मांजरीची आहे.

मोरीचं मात्र राहिलंय. शेजारच्या काकूंनी दुसऱ्याच दिवशी प्लंबरचा नंबर पाठवला होता. अजून त्यांना खरं सांगितलेलं नाही.