सरकारी वकील कोणाचा?

मेळघाटातल्या धारणीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा मोहाच्या दारूचा एखादा खटला घ्या. आरोपी कोरकू आदिवासी, साक्षीदार पोलीस, पंच बाजारातले कुणीतरी. सरकारी वकील उभा राहतो तो राज्याच्या वतीने. पण हा खटला भरावा की भरू नये, हे त्याला कुणी विचारलेले नसते. तपास पोलिसांचा, दोषारोपपत्रही पोलिसांचे. ते त्याच्या हाती येते तेव्हा मुख्य निर्णय होऊन गेलेला असतो. ‘सुधारक वृत्तीचा सरकारी वकील’ ही कल्पना आपल्याकडे रुजायची तर आधी विचारायला हवे, की सुधारणा करायला त्याच्या हातात आहे काय?

अमेरिकेत आहे, कारण तिथे तो मतांवर निवडून येतो. मिसिसिपीने 1832 मध्ये ही प्रथा सुरू केली आणि आज बहुतेक राज्यांत ती आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे टेरेन्स हॅलिनन हे तिचे ठळक उदाहरण. तरुणपणी नागरी हक्कांच्या आंदोलनांत अटका झाल्या म्हणून या माणसाला वकिलीची सनद नाकारली गेली. ती मिळवायला त्यांना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि 1966 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. पुढे ते नगरमंडळात निवडून गेले आणि 1996 मध्ये शहराचे मुख्य सरकारी वकील झाले. औषधी गांजाला उघड पाठिंबा देण्याइतके धाडस त्यांच्यात होते. 2003 च्या निवडणुकीत मतदारांनी त्यांना घरी बसवले आणि त्यांच्याच कार्यालयात काम केलेल्या कमला हॅरिस त्या खुर्चीवर आल्या. राजकारण होतेच, पण सगळे दारात, लोकांच्या डोळ्यांदेखत.

आपण वेगळी वाट धरली, ती राजकारण आणि पोलीस दोघांनाही दूर ठेवण्याची. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोलीस अधिकारीच खटला चालवू शकत असे. ज्याने पकडले त्याच्याच खात्याने शिक्षा मागायची. 1958 मध्ये सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने अभियोग हे वेगळे खाते असावे, असे सुचवले. 1974 पासून लागू झालेल्या नव्या संहितेने दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांसाठी सहायक सरकारी अभियोक्ते आणले, पण महाराष्ट्रात जुन्या पोलीस प्रॉसिक्युटरांनाच नवी पाटी लावून पोलीस खात्यात ठेवले गेले. शहाणे खटल्यात 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गाठ सोडायला सांगितली, तोवर वीसेक वर्षे निघून गेली होती. अभियोग संचालनालयाची तरतूद संहितेत 2006 पासून लागू झाली. 1 जुलै 2024 पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेने जिल्हा पातळीवरच्या संचालनालयाचीही सोय केली. या घडामोडीच्या मधोमध 1981 ची एक दुरुस्ती बसली आहे आणि तिच्याकडे फार कुणी पाहत नाही. जिल्हा सरकारी वकिलासाठी नावांची यादी जिल्हाधिकाऱ्याने सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून तयार करावी, असे मूळ कायदा म्हणत होता. महाराष्ट्राने त्या जागी ‘राज्य शासनाच्या मान्यतेने’ असे शब्द घातले. एका ओळीचा बदल, पण न्यायाधीशाचे मत बाहेर गेले आणि मंत्रालय आत आले. अमेरिकेत राजकारण पुढच्या दाराने येते, आपल्याकडे मागच्या.

यावर कुणी म्हणेल, राजकारणाचा एवढा विटाळ कशाला? वकिली आणि राजकारण ही तर जुनी जोडी. वऱ्हाडात दादासाहेब खापर्डे दोन्ही करतच होते. आक्षेप खरा आहे, पण अलीकडचे उदाहरण पाहा. उज्ज्वल निकम यांनी मुंबई बॉम्बस्फोट आणि 26/11 चे खटले राज्याच्या वतीने चालवले. 2024 ला ते लोकसभेला उभे राहिले, हरले आणि त्यानंतर राज्य शासनाने त्यांना पुन्हा विशेष सरकारी वकील नेमले. त्यांच्या कायद्याच्या जाणकारीवर शंका घेण्याचे कारण नाही. पण आरोपीच्या बाकावरून पाहा: समोरचा वकील कालपर्यंत सत्ताधारी पक्षाचा उमेदवार होता, एवढे त्याला दिसते. हॅलिनन यांना मतदार घरी बसवू शकले. नेमणुकीने आलेल्याला कोण विचारणार? मग निवडणूकच घ्यावी का? नाही. मेळघाटात कोरकू मतांची बेरीज करून खटले ठरू लागले, तर तो उपाय रोगाहून वाईट ठरेल. नेमणुकीत न्यायाधीशाचे मत परत आणणे आणि प्रत्येक निर्णयाचे कारण लेखी मागणे, एवढ्याने बरेच साधेल.

दुसरा आक्षेप अधिक जमिनीवरचा आहे: धारणीला सरकारी वकिलाच्या स्वातंत्र्यापेक्षा दुभाषा हवा. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचे नाते नाही. ‘पंचनाम्यावर सही कोणी केली?’ हा प्रश्न साक्षीदाराला पोचेपर्यंत अर्थ वाटेत गळतो, आणि उत्तराचे मराठी करताना उरलेलाही जातो. मग साक्षीदार फितूर म्हणून नोंदला जातो. पण दुभाषा मागायचा कोणी? पोलिसांच्या दबावाखालचा सरकारी वकील तो मागणार नाही, कारण नीट समजलेली साक्ष खटला पाडूही शकते. तेव्हा हे दोन प्रश्न एकच आहेत. सहायक अभियोक्ते लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतात, म्हणजे नेमणुकीपुरते तरी ते पुढाऱ्यांपासून दूर असतात. धारणीला न्याय द्यायचा तर तो बहुधा याच खुर्चीतून सुरू होईल.

आज त्या खुर्चीला एकच मोठा अधिकार आहे: खटला मागे घेण्याचा. 1974 पासूनच्या संहितेत तो कलम 321 मध्ये होता, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 360 मध्ये आहे. त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. शासन कितीही सांगो, अर्जावर सही सरकारी वकिलाचीच लागते.