नळाच्या देहातला कली

तीन वर्षांपूर्वी डोंबिवलीच्या एका सप्ताहात काल्याचे कीर्तन आटोपून आम्ही वीणा खाली ठेवतो न ठेवतो तोच दिंडीतला एक तिशीचा तरुण पायांवर कोसळून रडू लागला. मुंबईस नोकरी, रोजचा लोकलचा प्रवास, गळ्यात तुळशीची माळ. आणि त्याच प्रवासात मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळण्याचा नाद. बायकोचे दागिने गेले, पतपेढीचे कर्ज झाले. आम्ही त्याला उठवले, माळेला हात लावून पांडुरंगाची शपथ घ्यायला लावली, आणि काम झाले असे समजून कल्याणची गाडी गाठली.

अकराव्या दिवशी तो पुन्हा खेळला. पण आमच्याकडे आला नाही. माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली, दिंडीत येणे सोडले. बायकोला म्हणाला, "माळेची शपथ मोडली. आता कोणत्या तोंडाने पंढरीला जाऊ?" पुढे गोष्ट जिवावर आली; शेजारी वेळेवर धावले म्हणून वाचला. शपथ आम्ही घातली होती. तिने खेळ सुटला नाही, आधार मात्र सुटला.

मग ठाण्यातील मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे त्याला नेले. त्यांनी गोळी सुरू केली आणि दर आठवड्यास बोलण्यास बसवले. हे कळताच दिंडीतील एक वडीलधारे वारकरी आम्हांस म्हणाले, "बुवा, नामाने न सुटलेले व्यसन गोळीने सोडवायचे? मग नामाचा महिमा तो काय राहिला?" प्रश्न रास्त आहे, आणि तो पुष्कळांच्या मनात असतो. आम्हांस त्याचे उत्तर महाभारताच्या वनपर्वात, नळाच्या आख्यानात सापडले. हे आख्यान आम्ही चाळीस वर्षे लावतो आहोत. पण त्यात हे आहे ते आम्हांला अलीकडे दिसले.

नळ काही दुर्जन नव्हता. पुण्यश्लोक म्हणून आपण सकाळी त्याचे स्मरण करतो. कली बारा वर्षे टपून बसला, आणि शौचाच्या एका क्षुल्लक चुकीतून शिरला. मग राजा महिनोन्‌महिने खेळत राहिला. दारात मंत्री उभे, प्रजा उभी, दमयंती रडते आहे. तो मान वर करून पाहीना. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसाव्या सूक्तात जुगाऱ्याने आपली हीच दशा सांगितली आहे. जाणार नाही असा निश्चय तो करतो, आणि फाशांचा आवाज कानी पडताच निघतो. म्हणजे निश्चय नव्हता असे नाही हो. निश्चय होता, पण तो टिकवणारी शक्तीच दुसऱ्याच्या ताब्यात गेली होती.

आजचे वैद्यक वेगळ्या भाषेत जवळजवळ हेच म्हणते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली जुगाराच्या या वेडास आजारांच्या यादीत घेतले, आणि २०१३ साली दारू-अफूच्या व्यसनांच्या पंक्तीस बसवले. एक उदाहरण आम्हांस फार विचार करायला लावते. कंपवाताच्या काही रोग्यांना प्रामिपेक्सोल जातीची औषधे देतात. त्यांतील काही जण, ज्यांनी जन्मात पत्त्याला हात लावला नव्हता, औषध सुरू झाल्यावर जुगारी बनले. आणि औषध कमी केल्यावर किंवा बदलल्यावर त्यांची ती ओढ ओसरली. आता सांगा, या माणसांचा धर्म मध्यंतरी कोठे गेला होता? गोळीने जे आत येऊ शकते, ते गोळीने आवरूही शकेल, असे मानण्यात नामाचा कोणता अपमान होतो?

नळ बरा कसा झाला ते पाहा. वणव्यातून ज्याला वाचवले त्या कर्कोटक नागानेच त्याला दंश केला. ते विष नळाला बाधले नाही. आत बसलेल्या कलीला मात्र जाळत राहिले. आम्ही याला औषध म्हणतो. डॉक्टर नाल्ट्रेक्सोन नावाची जी गोळी काही रुग्णांना देतात, ती मुळात अफूच्या जातीच्या मादक पदार्थांच्या आणि दारूच्या व्यसनासाठीची. खेळताना मेंदूला जी गोडी लागते ती तिने फिकी पडते, हाव उतरते. सर्वांनाच गुण येतो असे नाही. जुगारासाठी म्हणून खास मंजुरी मिळालेले औषध अमेरिकेतसुद्धा अजून नाही. यकृत तपासून, दुसरी कोणती औषधे चालू आहेत ते पाहून डॉक्टरनेच द्यावयाची ही वस्तू आहे.

पण नुसत्या विषाने कली निघाला नाही, हे ध्यानात घ्या. तो तळमळत आतच राहिला. पुढे विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्ण राजाने बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे एका नजरेत मोजून दाखवली, आणि नळाला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकवले. ते कळल्याबरोबर कली विष ओकत बाहेर पडला आणि त्या बेहड्यात शिरला. (त्रिफळ्यातला बेहडा तो हाच, पूर्वी फासे याच्याच फळांचे करीत.) डॉक्टर रुग्णाशी जे बोलतात ते हे अक्षहृदयच. "पाचदा हरलो, आता सहाव्यांदा लागणारच" असे जुगाऱ्याला वाटते. पत्त्यांना मागच्या पाचांची आठवण नसते, हे त्याच्याकडून वहीत लिहून लिहून उमगून घ्यायचे. हाव कोणत्या वेळी येते, कोणत्या स्टेशनापाशी हात खिशात जातो, पगाराच्या दिवशी काय होते, हे सारे ओळखायचे. आमच्या तरुणाला उमगले की मुंब्रा गेले की त्याचा हात आपोआप मोबाइलकडे जातो. आता तेथे तो हरिपाठ धरतो. नाम गेले कोठे? ते जेथे धरायला हवे ते ठिकाण त्याला डॉक्टरांनी दाखवले, इतकेच.

नळ पुढे पुष्कराशी पुन्हा खेळला आणि राज्य जिंकला, असे कोणी म्हणेल. तेवढा भाग आजच्या रुग्णाने घ्यायचा नाही! नळाचा डाव माणसाशी होता. या खेळांचा हिशेबच असा बांधलेला असतो की दुकानवाला शेवटी उपाशी राहत नाही. मटक्याचेही तेच. जाता जाता सांगतो, 'कल्याण मटका' या नावामुळे बाहेरगावचे लोक आमच्या कल्याणास उगाच बोल लावतात. ते नाव गावाचे नव्हे. १९६२ साली वरळीस मटका सुरू करणाऱ्या कल्याणजी भगत यांचे. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांविरुद्ध संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा केला, तो बरा केला. पण जुगाराविरुद्धचा मुंबईचा कायदा १८८७ चा आहे, आणि मटका त्यानंतरचा आहे.

आता अवघड भाग. आजार म्हटला की दोष गेला काय? पुनर्भेटीत नळ दमयंतीला म्हणतो की ते मी केले नाही, कलीने केले. खरे आहे. पण अर्ध्या वस्त्रानिशी अरण्यात टाकलेली स्त्री दमयंतीच होती, कलीची बायको नव्हे. बाहुक होऊन घोडे हाकणे नळालाच भोगावे लागले. आमचे मत असे की ओढीबद्दल माणसाला लाज घालू नये, उपचार टाळण्याबद्दल जाब विचारावा. आणि देणे त्याचे त्यानेच फेडावे, हप्त्याहप्त्याने का होईना. घरच्यांनी गुपचूप कर्ज फेडून टाकणे ही माया नव्हे, पुढच्या डावाची ती सोय होते. दमयंतीने पाहा, राज्य जाते असे दिसताच वार्ष्णेय सारथ्याबरोबर मुले कुंडिनपुरास, आपल्या माहेरी धाडली. रुक्मिणीमातेचे माहेरही तेच, जेथून आजही पालखी पंढरीस येते. तशी पगाराची व्यवस्था आता त्या तरुणाची मंडळी पाहते.

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे, आणि त्याचे नाव आपण एकमेकांना हिणवायला वापरत आलो. आमच्याही तोंडी कीर्तनात तो विनोद पुष्कळदा आला. तो आता आम्ही सोडला आहे. समोर बसलेल्यांतला कोण तेथे जायच्या विचारात आहे, हे आम्हांस कोठे ठाऊक असते? ज्यांना जाण्याचा संकोच वाटतो, त्यांना १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतून, फुकट बोलता येते.

तो तरुण गेल्या वर्षात दोनदा घसरला. दोन्ही वेळा त्याने दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना सांगितले आणि मग आम्हांला. परवा विचारीत होता, "महाराज, माळ पुन्हा केव्हा घालू?" आम्ही म्हणालो, "ती काढायला तुला कोणी सांगितली होती?" तो काही बोलला नाही. आम्ही मात्र त्याच्यासाठी नवी माळ ओवून ठेवली आहे, आणि या खेपेस शपथ घालणार नाही.