देखावा

मराठी भाषेत काही शब्द मोठे मिस्किल आहेत. ‘देखावा’ हा त्यांपैकीच एक. डोंगर, नदी, शेते यांचे जे दृश्य डोळ्यांपुढे उभे राहते तो देखावा. आणि मनात नसताना वरवर जो आव आणला जातो तोही देखावाच. गणपतीपुढे मांडतात तो देखावा तर या दोहोंच्या मधोमध बसतो. एकाच शब्दात सौंदर्य आणि खोटेपणा असे शेजारी नांदताना पाहून पूर्वी मला गंमत वाटे. मुलांना रविवारी उघड्यावर नेऊन निसर्गचित्रे काढायला बसवू लागल्यापासून मात्र हा शब्द माझ्या मागे लागला आहे.

मी शिरपूरला शाळामास्तर आहे. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेले नाही, आणि कादंबऱ्या लिहिण्याचा नाद असल्यामुळे उरलेला वेळही शहाण्यासारखा खर्च झालेला नाही. तेव्हा चित्रकलेतला अधिकारी म्हणून मी बोलत नाही. नवख्या मुलांबरोबर बांधावर बसून जे प्रश्न पडले, त्यांतला एक आज वाचकांपुढे ठेवतो.

कोणत्याही मुलाला सांगा, “एक देखावा काढ.” ते काय काढील हे तुम्हीही जाणता. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून डोकावणारा अर्धा सूर्य, डोंगरातून निघालेली निळी नदी, काठावर लाल कौलांची झोपडी, शेजारी वाकलेली दोन नारळाची झाडे आणि आभाळात चार पक्षी. हे चित्र सावंतवाडीचे मूल काढते, नागपूरचे काढते, आणि आमच्या शिरपूरचेही काढते. खरे म्हणजे आमच्याकडे वाकलेला नारळ शोधायला दिवा घेऊन हिंडावे लागेल. खानदेशातल्या जुन्या घरांना कौले नव्हेत, मातीची सपाट धाबी असतात. आणि सूर्याची गोष्ट तर फारच सोपी आहे. सातपुडा आमच्या उत्तरेला आहे. सूर्य त्याच्यातून उगवत नाही आणि त्याच्यात मावळतही नाही. दहा वर्षे रोज सकाळी त्या डोंगराकडे पाहणारे मूल कागदावर मात्र त्याच्याच कुशीतून सूर्य काढते.

यात मुलाचा दोष आहे असे मला वाटत नाही. शासनाच्या रेखाकला परीक्षा घ्या. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असते. इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र येते. हे सारे चार भिंतींच्या आत. या परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या हजारो मुलांच्या हाती कुंचला दिला, हे उपकार मोठेच आहेत. पण झाडापुढे बसून झाड काढ, असे त्यांतली कोणतीही प्रश्नपत्रिका म्हणत नाही. जे बाहेर आहे ते आठवून काढायचे. आणि आठवण ही अशी आळशी बाई आहे, की तिला नवे काही मागितले तर ती शेजारणीकडून उसने आणून देते. तो नारळ असाच उसना आलेला असतो.

म्हणून मी मुलांना बाहेर नेतो. कधी अरुणावतीच्या काठी, कधी थाळनेरला तापीवर. १८१८ साली इंग्रजांनी घेतलेल्या तिथल्या किल्ल्याचे आज थोडेच अवशेष उरले आहेत; पण तापी पश्चिमवाहिनी असल्यामुळे, ज्यांना नदीवर सूर्य हवाच असेल त्यांना तो तिथे संध्याकाळी खराखुरा मिळतो. शिकवण्यासारखे फार नसते. पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापायची आणि तिच्यातून पाहायचे, म्हणजे अफाट माळ हातात मावतो. जमीन आणि आभाळ जिथे मिळतात ती रेघ आधी ठरवायची. डोळे किलकिले करायचे. बारीकसारीक गोष्टी पुसट होतात आणि कुठे उजेड, कुठे अंधार हे कळते. जलरंगात फिकट आधी, गडद मागून. सावल्यांच्या जागा प्रथमच आखून ठेवायच्या, कारण तासाभरात त्या सरकतात. आणि आमच्याकडच्या उन्हात रंग कागदावर टेकताच सुकतो, म्हणून कागद आधी ओला करून घ्यायचा.

पहिल्या दिवशी मुले हटकून थबकतात. कारण सातपुडा त्रिकोणी नसतो. तो एक लांबलचक, जवळजवळ सपाट रेघ असते. तो हिरवा नसतो, दुरून धुरकट निळा दिसतो. मधल्या हवेतली धूळ आणि बाष्प त्याचा हिरवा रंग गिळून टाकतात. एक मुलगा माझ्याशी वादच घालू लागला : “सर, डोंगरावर झाडं आहेत, मग तो निळा कसा?” त्याचे ज्ञान बरोबर होते आणि डोळेही बरोबर होते, त्या दोघांची गाठ मात्र त्या दिवसापर्यंत कोणी घालून दिली नव्हती. जे ठाऊक आहे ते बाजूला ठेवून जे दिसते ते पाहणे, ही पहिली पायरी. ती मला चित्रकलेइतकीच नीतीचीही वाटते. माणसांविषयीचे आपले कितीतरी निवाडे त्या लाल कौलांच्या झोपडीसारखे असतात : न पाहता, आठवणीतून उतरवलेले.

दुसरी पायरी अधिक अवघड आहे. समोर विजेचा खांब आहे, तारा आहेत, मोबाइलचा मनोरा आहे, नदीच्या पात्रात अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आहेत. हे काढायचे की गाळायचे? एका गृहस्थांनी आमची चित्रे पाहून मोठ्या जिव्हाळ्याने सांगितले, “सगळं छान आहे हो, तेवढा उकिरडा नको होता.” उत्तर देणे सोपे नाही. सगळेच काढायचे म्हटले तर चित्र म्हणजे पंचनामा होईल. निवड ही करावीच लागते. माझा नियम असा : हाताला जमत नाही म्हणून गाळले तर चालेल, चित्राला अडथळा होतो म्हणून गाळले तरी चालेल, पण लाज वाटते म्हणून गाळायचे नाही. लाजेने गाळलेली जागा कोरी राहत नाही. तिथे हळूच नारळ उगवतो.

इथवर सारे ठीक होते. पण दिवाळीच्या सुट्टीत, कपाशीच्या वेचणीचे दिवस होते तेव्हा, आम्ही एका शेताच्या बांधावर बसलो. ऊन कोवळे, बोंडे फुटलेली, काळ्या मातीवर पांढरे ठिपके, मागे निळी रेघ. चित्रासाठी याहून चांगली जागा मिळाली नसती. सगळी मुले कामाला लागली. एक मुलगी मात्र कागद मांडीवर ठेवून नुसती बसली होती. जवळ जाऊन विचारले, तेव्हा ती खाली पाहत म्हणाली, “सर, आठे मनी माय कापूस येचस. हाऊ काय देखावा शे?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हते. जिथे आपली आई दिवसभर वाकून कापूस वेचते, कमरेची ओटी भरते, वाळल्या बोंडांच्या टोकांनी बोटे सोलून घेते, आणि संध्याकाळी किलोवर मोजून पैसे घेते, ती जागा सावलीत बसून ‘सुंदर’ म्हणावी काय?

या प्रश्नाला हसून उत्तर देणे मला जमले नाही, आणि अजूनही जमत नाही. कारण त्यात मोठे तथ्य आहे. शेताला ‘दृश्य’ म्हणायला माणूस शेताबाहेर उभा असावा लागतो. शेतकरी आभाळाकडे पाहतो ते त्याच्या रंगासाठी नव्हे. पाऊस येईल की हुलकावणी देईल, यासाठी. निसर्गचित्र हे पोट भरलेल्याचे डोळे आहेत, असे कोणी म्हटले तर त्याला खोडून काढणे सोपे नाही. दुसऱ्याच्या घामाची पार्श्वभूमी करून त्यावर आपली हौस भागवणे हा देखाव्याचा दुसरा अर्थ झाला.

पण चित्रकलेच्या इतिहासात डोकावले तर निराळी माणसेही भेटतात. इंग्लंडचा जॉन कॉन्स्टेबल हा गिरणीवाल्याचा मुलगा. चित्रकार होण्याआधी त्याने बापाच्या धंद्यात काम केले होते. ज्या चित्रांनी त्याचे नाव झाले ती त्याच गिरणीची, तिथल्या कालव्याची, होड्यांची. ओढ्यात उभ्या असलेल्या गाडीचे १८२१ सालचे त्याचे चित्र आज जगाला ठाऊक आहे. त्यातले पाणी बापाच्या गिरणीजवळचेच. फ्रान्सचा मिले हा शेतकऱ्याचा मुलगा, स्वतः शेतात राबलेला. कापणी झालेल्या रानात वाकून सरवा वेचणाऱ्या तीन बाया त्याने १८५७ साली रंगवल्या, तेव्हा पॅरिसमधल्या पुष्कळ प्रतिष्ठितांना ते चित्र खुपले. वाकलेल्या पाठी त्यांना रानात चालत होत्या, भिंतीवर नको होत्या.

आपल्याकडेही उदाहरणे आहेत. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून कोल्हापूरला परतलेले आबालाल रहिमान १९३१ साली वारले. त्यांनी निसर्ग शोधायला हिमालय गाठला नाही; गावातल्या कोटितीर्थावर आणि रंकाळ्यावर त्यांना जन्मभर पुरेल एवढा उजेड सापडला. आणि आमच्या शिरपूरवरून जो आग्रा रोड बिजासन घाट चढून सेंधव्यामार्गे इंदूरला जातो, त्या इंदुरात १९२७ साली देवळालीकर मास्तरांनी चित्रशाळा काढली. त्यांच्या हाताखाली ना. श्री. बेंद्रे तयार झाले. ही सारी माणसे आपल्याच जागेकडे पाहायला शिकली होती.

यावरून मला एक गोष्ट सुचते. कष्टकऱ्याला डोळे नसतात हे खरे नाही. उलट त्याचेच डोळे अधिक तयार असतात. मातीच्या रंगावरून ओल ओळखणारा, पानाच्या पिवळेपणावरून रोग ओळखणारा शेतकरी जेवढ्या छटा जाणतो, तेवढ्या माझ्या रंगपेटीत नाहीत. पूर्ण उमललेले बोंड आणि अर्धे उमललेले बोंड यांतला फरक वेचणारीच्या बोटांना न पाहताही कळतो. त्याच्यापाशी नसतो तो वेळ. सौंदर्य पाहणे हा श्रीमंतांचा गुण नाही; दोन तास मोकळे बसता येणे ही त्यांची मिळकत आहे. मग अन्याय त्या पाहण्यात नाही, त्या दोन तासांच्या वाटणीत आहे. आणि तसे असेल, तर मजुराच्या मुलीला रविवारी दोन तास, एक कागद आणि एक कुंचला मिळवून देणे ही चैन नव्हे. तिच्या घरच्या थकबाकीतला एक छोटा हप्ता आहे.

शिवाय ज्याला आपण निसर्ग म्हणतो त्यात निव्वळ निसर्ग असतो तरी किती? आमच्या तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद आणि खोल करून त्यांवर बंधारे घालण्याचे काम झाले. पुढे ते ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून ओळखले गेले. आता एखाद्या मुलाने पावसाळा सरल्यावरही नाल्यात निळे पाणी काढले, तर ते उसने आहे असे मला एकदम म्हणता येत नाही. जाऊन पाहावे लागते. ते पाणी आभाळातून आले खरे, पण थांबले ते माणसांच्या श्रमाने. बांध, विहीर, पाटाचे पाणी, केळीची बाग, कपाशीची ओळ, या साऱ्यांवर कोणाचा तरी हात फिरलेला आहे. शेताचे चित्र काढणे म्हणजे कामाचेच चित्र काढणे. ते कळून काढले तर त्यात अपमान नाही. अपमान आहे तो निष्काळजीपणात.

त्या मुलीला मी एवढेच म्हटले, “देखावा राहू दे. तुझी आई जिथे काम करते ती जागा जशी आहे तशी काढ. कोणाला दाखवायचे नसेल तर दाखवू नकोस.” तिने काढले. आई काढली नाही. नुसते शेत, आणि दूरवर ओढलेले दोन वाकलेले फटकारे. दुपारच्या भाकरीच्या वेळी आईच बांधावर आली. लेकीच्या मांडीवरचा कागद तिने उचलला. हात मातीचे म्हणून तो कडांनीच धरला आणि बराच वेळ पाहिला. चांगले-वाईट काही बोलली नाही. मग म्हणाली, की ओळी फार दाट काढल्या आहेत; एवढ्या जागेतून कोळपे जाणार कसे?

मुलीने मान वर करून खऱ्या शेताकडे पाहिले. आई सांगत होती ते बरोबर होते. तिने दुसरा कागद मागितला.

मी आजवर जी काही कलासमीक्षा वाचली आहे, तिच्यात याहून चोख शेरा मला आढळलेला नाही. त्या बाईने चित्राला शेताच्या कसोटीवर लावले, म्हणजे चित्र खरे मानले. आपल्या कष्टाची जागा कोणीतरी कागदावर मांडते आहे याचे तिला वाईट वाटले नाही. ती चुकीची मांडली जाऊ नये, एवढाच तिचा आग्रह होता. मुलीच्या प्रश्नाचे पुरे उत्तर यात आले असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या चित्रातल्या ओळी बरोबर आल्या, तरी किलोमागचा दर तोच राहिला. चित्राने दर वाढत नाही. पण ज्या पाठी रोज वाकतात त्या कोणी तरी नीट पाहिल्या आहेत, एवढे त्या कागदाने केले; आणि न पाहिलेल्या गोष्टीचा दर वाढवावा असे तर कोणालाच सुचत नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरात फराळाची ताटे आणि सुट्टीतली मुले दोन्ही असतील. एका सकाळी त्यांना घेऊन बाहेर पडा. शेत जवळ नसेल तर गच्ची चालेल, गल्लीचे टोक चालेल. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची एक खिडकी कापून द्या आणि स्वस्त रंगांची एक पेटी. त्यांनी नारळ काढला तर रागावू नका; फक्त विचारा, “कुठे आहे तो? मलाही दाखव.” आणि चित्र पुरे झाले, की ज्या माणसाची ती जागा असेल, मग तो भाजीवाला असो, रखवालदार असो की समोरच्या बांधकामावरची मजूरबाई, त्याला ते एकदा दाखवून या.