सोंग कोण नाचवतं?

स्पॅनिश शिकायला घेतली की लवकरच ‘आब्लार’ म्हणजे ‘बोलणे’ हे क्रियापद घोकावं लागतं. शेवटचा ‘आर’ काढायचा आणि वर्तमानकाळाचे सहा प्रत्यय लावायचे: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. ‘मी’साठी ‘यो’ हा शब्द आहे, पण एरवी तो लागत नाही. नुसतं ‘आब्लो’ हेच पूर्ण वाक्य. मराठीतही निरोप घेणारा ‘येतो’ एवढंच म्हणतो.

प्रत्ययात बसलेला हा ‘मी’ कोण?

भारतीय दर्शनांनी यावर शतकानुशतकं वाद घातला आहे. संस्कृतात ‘पचति’ म्हणजे ‘शिजवतो’. त्यातला ‘ति’ काय सांगतो? वैयाकरण म्हणाले, कर्ता. नैयायिक म्हणाले, कर्ता नव्हे, त्याचा प्रयत्न. मीमांसकांना त्यात ‘भावना’, म्हणजे फळ घडवून आणणारा व्यापार दिसला. सतराव्या शतकात कौंडभट्टांनी आणि त्यांच्यानंतर काशीत नागेशभट्ट काळे यांनी वैयाकरणांची बाजू लढवली. प्रत्ययात कर्ता पाहणारे हेच वैयाकरण वाक्यार्थात मात्र मुख्य स्थान क्रियेला देतात. कर्ता असतो, पण तो क्रियेच्या आश्रयाने.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणं, नाना चेष्टा आणि दैव. कर्ता हा पाचांतला एक.

जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात ही पाचही कारणं एका अंगणात भेटतात. होळीच्या सुमारास सुरू होणारा हा जगदंबेचा उत्सव रात्रभर चालतो. संबळ आणि पिपाणीच्या तालावर गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण एकामागून एक येतात. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे असतात. आतला माणूस गावातलाच असतो, सगळ्यांच्या ओळखीचा. तरीही मुखवटा चढला की समोरचे हात जोडतात. बोलताना ‘सोंग नाचवलं’ असं म्हणतात. या एका क्रियापदात दोघांनाही जागा आहे: नाचतो तो देव, नाचवतो तो माणूस. अंगण हे अधिष्ठान, नाचवणारा माणूस हा कर्ता, मुखवटा आणि वाद्यं ही करणं, पावलं ही चेष्टा, आणि उरलेलं जगदंबेकडे.

‘मी कर्ता नाही’ या गीतेतल्या उपदेशाचा अर्थ अनेकदा ‘माझी जबाबदारी नाही’ असा लावला जातो. तो चुकीचा आहे. पाच कारणांच्या यादीतून गीतेने कर्त्याला वगळलेलं नाही, त्याची एकट्याची मालकी तेवढी नाकारली आहे. बोहाड्यातही नरसिंहाचं सोंग घेतलेल्या माणसाला संबळाचा ताल सोडता येत नाही. मुखवट्याचा भार मानेवर पेलत प्रत्येक पाऊल त्यालाच टाकावं लागतं. मुखवटा उतरला की नमस्कार देवाला पोचलेला असतो, आणि दुखरी मान त्याची असते.